वर्गसंघर्षाच्या नोट्स : औरंगपुऱ्यात मिळणारा १८४ पानांचा स्पायरल संच घ्यावा का?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात आणि नांदेड-लातूरच्या स्पर्धा परीक्षांच्या दुकानांत समाजशास्त्राचा एक स्पायरल बायंडिंगचा संच सध्या जोरात खपतो आहे. विषय : वर्गसंघर्ष आणि भांडवलशाही. पानं १८४, छपाई एकाच बाजूला, किंमत २८० रुपये, दोन संच घेतले तर ५००. वर ना लेखकाचं नाव, ना प्रकाशकाचं. घेणारे मुख्यतः एम.ए.चे आणि सेट-नेटचे विद्यार्थी. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि वैकल्पिक विषयाला २५० गुणांचे दोन पेपर आले, तेव्हापासून त्यांत राज्यसेवावालेही आले आहेत.

संच टाकाऊ नाही. काही पानं तर याच विषयावरच्या जाड पुस्तकांपेक्षा स्वच्छ आहेत. पण तो नावं शिकवतो, सिद्धांत चालवून दाखवत नाही. मार्क्स आणि वेबर, डाहरेनडॉर्फ या जर्मन समाजशास्त्रज्ञांची मतं पाठ होतात आणि प्रश्न जरा फिरवून आला की हात थांबतो. वर्गाचा सिद्धांत हा हिशेबाचा विषय आहे. साधन कोणाचं, हुकूम कोणाचा आणि उरलेलं कोणाच्या घरात जातं, हे आकडे मांडून पाहावं लागतं. या हिशेबासाठी मराठवाड्यासारखी जागा दुसरीकडे शोधायला नको, आणि संचातली उदाहरणं मात्र सगळी मँचेस्टरच्या गिरणीतली आणि अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यातली.

सर्वांत मोठी चूक पान १२ वर आहे, आणि ती पुढे सगळीकडे झिरपते. तिथे व्याख्या दिली आहे की समान उत्पन्न असलेल्या लोकांचा समूह म्हणजे वर्ग. ही व्याख्या मार्क्सची नाही, वेबरचीही नाही. महिन्याला साधारण २०,००० रुपये हाती येणारी तीन माणसं घ्या. वाळूजच्या एमआयडीसीत ठेकेदारामार्फत लागलेला मशीन ऑपरेटर, जालन्यात गल्लीतलं किराणा दुकान चालवणारा, आणि परभणीकडे १० एकर कोरडवाहू कसणारा, सुगीत चार बायका खुरपणी-वेचणीला लावणारा शेतकरी. उत्पन्न एक, वर्ग तीन. पहिल्याकडे विकायला फक्त श्रमशक्ती आहे. दुसऱ्याचं साधन स्वतःचं आणि राबणंही स्वतःचंच. तिसरा स्वतः राबतो आणि दुसऱ्याचे श्रम विकतही घेतो. मजुरीचा दर वाढला की पहिल्याला बरं वाटतं, तिसऱ्याला जड जातं. संघर्ष उभा राहतो तो या नात्यातून. उत्पन्नाच्या रकान्यात तो दिसत नाही.

गंमत अशी की मार्क्सनं हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. ‘भांडवल’चा तिसरा खंड त्याच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये एंगल्सनं काढला. त्याचं शेवटचं प्रकरण वर्गांवर आहे. वर्ग कशानं बनतो, असं विचारून मार्क्स म्हणतो की वरवर पाहता उत्पन्न आणि उत्पन्नाचा स्रोत एक असल्यानं. पण मग, तो लगेच आक्षेप घेतो, वैद्य आणि सरकारी अधिकारी हेही दोन वेगळे वर्ग मानावे लागतील. आणि थोड्याच ओळींत हस्तलिखित तुटतं. मार्क्सनं वर्गाची पूर्ण व्याख्या कुठेच एका जागी दिलेली नाही, हे उत्तरपत्रिकेत लिहिण्यासारखं वाक्य आहे. संचात ते नाही. उलट वर्गाचा शोध मार्क्सनं लावला, असं पान ९ वर ठळक छापलं आहे. १८५२ च्या पत्रात त्यानं स्वतःच हे श्रेय नाकारलं. वर्ग आणि त्यांचा झगडा आधीच्या इतिहासकारांनी सांगितला होता. आपण दाखवलं ते एवढंच की वर्ग उत्पादनाच्या ठरावीक ऐतिहासिक टप्प्यांशी बांधलेले असतात आणि हा झगडा शेवटी कामगारवर्गाच्या सत्तेकडे व तिथून वर्गहीन समाजाकडे जातो, असं त्याचं म्हणणं.

पान २६ ते ४१ वरकड मूल्यावर, म्हणजे मजुरी भागून मालकाकडे उरणाऱ्या मूल्यावर आहेत. संचात ‘अतिरिक्त मूल्य’ असा शब्द आहे. चालेल, विद्यापीठाच्या पुस्तकांतही तोच आहे. मांडणी बरी, पण दोन ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. पहिलं ठिकाण असं : ‘मालक कामगाराला त्याच्या श्रमाचं पूर्ण मोल देत नाही.’ असं लिहिलं की मार्क्सचा सगळा युक्तिवाद कोसळतो. त्याचं म्हणणं उलट आहे. बाजारात कोणी कोणाला फसवलं नाही असं धरा, मालकानं पुरेपूर किंमत दिली असं धरा, तरीही वरकड निघतंच. कारण विकत घेतली ती श्रमशक्ती, म्हणजे दिवसभर राबण्याची क्षमता, आणि तिची किंमत ठरते कामगाराचं कुटुंब जगवायला जे लागतं त्यावरून. त्या क्षमतेतून प्रत्यक्ष निघणारे श्रम त्याहून जास्त मूल्य तयार करतात. श्रम आणि श्रमशक्ती हा फरक ज्याला कळला त्याला पहिल्या खंडाची किल्ली मिळाली.

दुसरी घसरण आकड्यांत. संचातलं खुर्च्यांच्या कारखान्याचं उदाहरण वरकड आणि नफा एकच धरतं. त्याऐवजी लातूरकडची एखादी लहान डाळमिल धरून हिशेब मांडा. आकडे उदाहरणापुरते. दिवसाला ८०,००० रुपयांची तूर, यंत्रांची झीज आणि वीज ४,००० रुपये : हे ८४,००० स्थिर भांडवल. ते जेवढ्यास तेवढं मालात उतरतं, वाढत नाही. १२ मजूर, प्रत्येकी ५०० रुपये : ६,००० रुपये चल भांडवल. डाळ आणि चुणी मिळून माल विकला ९६,००० रुपयांना. वजा केलं की वरकड ६,०००. आता दोन दर काढा. वरकडाचा दर म्हणजे वरकड भागिले मजुरी, ६,००० भागिले ६,०००, १०० टक्के. बारा तासांच्या पाळीत मजूर सहा तास स्वतःच्या मजुरीपुरते राबला आणि सहा तास फुकट. नफ्याचा दर म्हणजे वरकड भागिले एकूण भांडवल, ६,००० भागिले ९०,०००, साधारण पावणेसात टक्के. मालक पावणेसात टक्के सांगतो आणि खोटं बोलत नाही. मजुराच्या बाजूनं मात्र तेच १०० टक्के आहे. हे दोन दर शेजारी ठेवले की वर्गसंघर्ष म्हणजे काय ते भाषणाशिवाय कळतं. संचात नफ्याच्या दराचं सूत्र पान ३९ वर आहे, पण वरकडाचा दर १३ पानं आधी, आणि दोन्ही एकाच उदाहरणात कुठेही येत नाहीत.

पुढचा टप्पा संच पूर्ण गाळतो : ते ६,००० सगळे मिलमालकाच्या खिशात जात नाहीत. बँकेचं व्याज, जागेचं भाडं, अडत्याचा वाटा हे सगळं याच वरकडातून निघतं आणि उरतं तो मालकाचा नफा. म्हणून वरकड आणि नफा एक नाहीत. राज्यसेवेत टीकात्मक परीक्षण करा असं विचारलं तर मूल्यांचं किमतींत रूपांतर कसं होतं या वादाचा एक परिच्छेद हवा. बोम-बावेर्क या ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञानं १८९६ मध्ये पहिल्या आणि तिसऱ्या खंडातली विसंगती दाखवून तो पेटवला. सेटच्या बहुपर्यायी पेपरला एवढं खोल जायची गरज नाही.

आता जे या संचात नाही आणि असायलाच हवं होतं, त्याकडे. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात नगावर मिळणाऱ्या मजुरीवर एक छोटं प्रकरण आहे. आपल्याकडे त्याला गुत्तं म्हणतात. मार्क्स तिथे दाखवतो की गुत्त्याची मजुरी हे वेळेच्या मजुरीचंच वेगळं रूप आहे, पण मालकाला जास्त सोयीचं. देखरेख लागत नाही, कारण काम कमी झालं तर पैसेच कमी. कामगार स्वतःहून वेग आणि तास वाढवतो, कारण त्यात त्याला स्वतःचा फायदा दिसतो. आणि मालक व कामगार यांच्यामध्ये मध्यस्थाला जागा मिळते. हा मध्यस्थ कधी बाहेरचा असतो, कधी कामगारांतलाच एखादा पुढारी असतो जो इतरांना गोळा करतो आणि त्यांना पैसे चुकते करतो. दुसऱ्या प्रकारात कामगाराचं शोषण कामगाराच्या हातून होतं, असं त्याचं निरीक्षण. हे प्रकरण वाचताना बीड, धाराशिव, जालन्याकडच्या माणसाला मुकादम, म्हणजे ऊसतोडीची टोळी गोळा करणारा मध्यस्थ, हा शब्द सुचला नाही तरच नवल.

म्हणून ऊसतोडीचं उदाहरण संचात नसणं ही नुसती उणीव नाही, ती चूक आहे. ते असं मांडावं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून रक्कम घेतो आणि पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, कोयत्याला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्यानं हंगामात २५० टन तोडले. ९१,५०० रुपये झाले. उचल १ लाख होती. ८,५०० रुपये फिरले, अंगावर राहिले, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं. मध्ये आजारपण आलं, पाऊस लागला, गाडी वेळेवर आली नाही, तर खाडे पडतात आणि फिरती वाढते. मुकादमाचं कमिशन २० टक्के धरलं तर या एका कोयत्यामागे १८,३०० आणि दहा कोयत्यांच्या टोळीमागे १,८३,००० रुपये. एक फरक इथे ध्यानात ठेवावा. मार्क्सच्या उदाहरणात मध्यस्थाचं उत्पन्न म्हणजे मालकानं दिलेली आणि कामगारापर्यंत पोचलेली मजुरी यांतला फरक. ऊसतोडीत कमिशन दराच्या वर वेगळं मिळतं. पण टोळीतला कोयता पळाला तर त्याची उचल मुकादमाच्या अंगावर येते, आणि ती वसूल करायच्या धडपडीत तो मालकाचा माणूस होऊन वागतो.

हा मुकादम कुठल्या वर्गात बसवायचा? संचातल्या तक्त्यात दोनच रकाने आहेत, भांडवलदार आणि सर्वहारा. एरिक ओलिन राइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात नेमका हाच पेच उचलला. काही जागा अशा असतात की माणूस एकाच वेळी दोन वर्गांत उभा असतो. साधन त्याचं नाही, पण दुसऱ्याच्या श्रमावर हुकूम त्याचा चालतो. फोरमन, मॅनेजर ही राइटची उदाहरणं. मुकादम त्याहून बोलकं उदाहरण आहे. तो बहुधा त्याच गावचा, त्याच भावकीतला, अनेकदा स्वतः आधी कोयता चालवलेला असतो. दरवाढीच्या संपात तो मजुरांबरोबर बसतो, कारण दर वाढला की कमिशनही वाढतं. वसुलीच्या वेळी तो पलीकडे असतो. राइटवर संचात अर्धं पान आहे, तेही त्याच्या जन्म-मृत्यूच्या सालांवर संपतं.

याच उदाहरणात शेतकरी घाला, मग वर्गसंघर्षाची दोन टोकांची मांडणी कशी अपुरी पडते ते दिसेल. महाराष्ट्रात उसाच्या एफआरपीतून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरातून, तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करून शेतकऱ्याला बिल मिळतं. म्हणजे तोडणीचा दर वाढला की त्याची झळ शेवटी ऊसवाल्याच्या बिलात उतरते. सहकारी कारखान्याचा सभासद म्हणून तो कागदावर मालक आहे, पण आपला ऊस कधी तुटणार हेही त्याच्या हातात नाही, त्यासाठी शेतकी विभागाच्या मागे फिरावं लागतं. मालकी एकाकडे आणि हुकूम दुसऱ्याकडे, हे चित्र मार्क्सच्या काळात ठळक नव्हतं. डाहरेनडॉर्फचा मुद्दा इथून सुरू होतो.

आणि डाहरेनडॉर्फवरची चार पानं, ७८ ते ८१, ही या संचाची खरी कमाई. १९५७ मध्ये जर्मनमध्ये आणि १९५९ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्याच्या पुस्तकाचा सांगाडा इतका नेटका क्वचितच मराठीत दिसतो. अधिकार असलेले आणि अधिकाराखालचे अशी विभागणी प्रत्येक संघटनेत असते. मालकी हा अधिकाराचा फक्त एक प्रकार. अधिकाराखालच्यांचे हितसंबंध आधी सुप्त असतात, तेव्हा त्यांचा नुसता अर्धगट असतो. ते उघड झाले की हितगट होतो. मात्र तसं व्हायला तीन अटी लागतात : तांत्रिक, म्हणजे पुढारी आणि सनद, राजकीय, म्हणजे संघटना बांधायची मुभा, आणि सामाजिक, म्हणजे सदस्यांचा आपसांत संपर्क. संघर्षाची तीव्रता आणि हिंसकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथे नीट सांगितलं आहे. मजूर जिवाच्या आकांतानं लढतील पण दगड उचलणार नाहीत, असं होऊ शकतं.

एवढं चांगलं लिहून भाषांतरानं घात केला. हितसंबंध या अर्थी ठिकठिकाणी ‘व्याज’ छापलं आहे. ‘सुप्त व्याज’, ‘प्रकट व्याज’, ‘व्याज गट’. मजकूर इंग्रजीतून यंत्रानं उतरवला आणि कोणी तपासला नाही, हे उघड आहे. हाच रोग पान ३१ वर : मार्क्सच्या ग्रंथाचं नाव ‘राजधानी’. पान ५७ वर परात्मतेसाठी, म्हणजे कामगाराच्या तुटलेपणासाठी, हिंदीतला ‘अलगाव’ तसाच ठेवला आहे. पेन घेऊन आधी हे तीन शब्द सगळीकडे दुरुस्त करा. नाहीतर परीक्षेच्या घाईत तेच हातून उतरतील. परात्मतेची चार अंगं मात्र बरोबर आहेत : उत्पादित वस्तूपासून, कामाच्या क्रियेपासून, माणूसपणापासून आणि इतर माणसांपासून. मार्क्सची ही टिपणं १८४४ ची, छापली गेली १९३२ मध्ये. संचात १८४४ लाच प्रसिद्ध झाली असं म्हटलं आहे, तेही दुरुस्त करावं.

डाहरेनडॉर्फच्या तीन अटी ऊसतोडीला लावून पाहिल्या तर उत्तर आपोआप उभं राहतं. हंगामात टोळ्या शेकडो फडांवर विखुरलेल्या, पहाटे उठून तोडणी, मग मोळ्या बांधणं, गाडी भरणं. मुक्काम कोपीत आणि गाव लांब. सामाजिक अट पूर्ण होत नाही. म्हणून दरवाढीसाठी कोयता बंद ठेवायची हाक बहुधा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर येते, जेव्हा सगळे गावात असतात आणि कारखान्याला बॉयलर पेटवायची घाई असते. मार्क्सनं १८५२ मध्ये फ्रान्सच्या शेतकऱ्यांना पोत्यातल्या बटाट्यांची उपमा दिली होती : एका पोत्यात आहेत, पण एकमेकांना बांधलेले नाहीत. ‘स्वतःत वर्ग’ (स्थिती एक, पण भान नाही) आणि ‘स्वतःसाठी वर्ग’ (भान येऊन संघटित झालेला) ही जोडी याच ठिकाणी शिकवली जाते. संच ती अवतरणचिन्हांत मार्क्सचं वाक्य म्हणून देतो. १८४७ च्या लिखाणात तो एवढंच म्हणतो की हा समूह भांडवलाच्या विरोधात वर्ग आहे, पण अजून स्वतःसाठी नाही. जोडी नंतरच्या अभ्यासकांनी पक्की केली. अवतरणचिन्हं काढून टाका.

आणखी एक गोष्ट जी संचात ‘कामगार’ या एकवचनी पुल्लिंगी शब्दामागे लपली आहे. कोयता जोडप्याचा, उचल मात्र नवऱ्याच्या नावावर. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. पहाटे भाकरी थापणं, पाणी आणणं, लेकरू फडाच्या कडेला ठेवून मोळ्या उचलणं, यातलं अर्धं काम टनात धरलं जातं आणि अर्धं कशातच नाही. श्रमशक्ती रोज नव्यानं उभी करण्याचं हे काम मार्क्सनं गृहीत धरलं आणि पुढच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावरच बोट ठेवलं. या मुद्द्याला संचात एक ओळही नाही, आणि प्रश्नपत्रिकेत लिंगभाव व श्रम यावर प्रश्न येऊ शकतो.

वेबरला दिलेली सहा पानं निराश करतात. प्रोटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही आली, असं एका ओळीत उरकलं आहे. १९०४-०५ च्या त्या निबंधात वेबर एकच कारण मांडत नाही. धर्म आणि आर्थिक वृत्ती यांचं जुळणं तो दाखवतो आणि एकांगी भौतिकवादाच्या जागी एकांगी अध्यात्मवाद ठेवायचा नाही, असं स्पष्ट बजावतो. वर्ग म्हणजे बाजारातली स्थिती, दर्जा म्हणजे मानाची उतरंड, पक्ष म्हणजे सत्तेसाठी बांधलेली संघटना, ही त्रयी दिली आहे पण उदाहरणाशिवाय. दहा एकरांचा कर्जबाजारी पाटील आणि गावाबाहेरच्या वस्तीतून शिकून बँकेत लागलेला तरुण, एवढं उदाहरण पुरे होतं. बाजारात दुसरा वर, गावच्या पंगतीत पहिला.

वेबरचा जो अभ्यास मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा, त्याचा तर उल्लेखच नाही. १८९२ मध्ये त्यानं एल्बे नदीच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांवर मोठा अहवाल लिहिला. तिथले मजूर वर्षाच्या करारानं मालकाच्या शेतीला बांधलेले असत, थोडी जमीन आणि मळणीतला वाटा मिळे. ते नातं मोडून रोख मजुरी आणि पोलंडकडून येणारे हंगामी मजूर असं रूप आलं. स्थानिक मजूर मात्र गाव सोडून निघाले, आणि त्यामागे पोटापेक्षाही मोकळं होण्याची ओढ होती असं वेबरला दिसलं. गुढीपाडव्याला ठरणारा सालगडी, धान्य आणि रोख मिळून ठरलेलं साल, आणि आता सालगडी मिळत नाही ही गावोगावची तक्रार, हे शेजारी ठेवलं की वेबर परका वाटत नाही. पण तुलना अर्धीच लागू पडते हेही लिहावं. सालगड्याचं बंधन सुटून उचलीचं लागलं, तर मोकळीक कितपत? डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास करून याला नव्या प्रकारची वेठ म्हटलं आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे.

जातीचं प्रकरण शेवटी, पान १६१ नंतर, वर्गाशी काहीही संबंध न जोडता टाकलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांवरचा मजकूर चरित्रासारखा. खरं तर वर्गसंघर्षाच्या सिद्धांतावरची सर्वांत धारदार भारतीय टीका तिथेच आहे. १९३६ च्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात त्यांनी म्हटलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. समाजवाद्यांना त्यांचा प्रश्न होता की क्रांतीनंतर बरोबरीनं वागवलं जाईल याची खात्री नसेल तर मजूर एकत्र येतील कशाला? पुरावा गिरणीतलाच होता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. संचात ही दोन सालं आहेत, पण पान १७० वर, तारखांच्या यादीत. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्या शरद पाटलांची मार्क्स-फुले-आंबेडकरवादी मांडणी तर पूर्ण गायब. मराठीत लिहिलेल्या नोट्समधून तीच गळावी, हे मनाला लागतं.

बाकीचे विचारवंत आणि प्रश्नसंच पटकन. कोझर (१९५६) आणि सिमेलचा संबंध ठीक दिला आहे. मिल्सचा सत्ताधारी अभिजन ठीक. ग्राम्शीचं धुरीणत्व (सत्ताधाऱ्यांचं लोकांच्या मनावरचं वर्चस्व) दोन परिच्छेदांत आटोपलं आहे, बाहेरून वाचावं लागेल. कॉलिन्सवरचं पान बिनकामाचं. सेटच्या दुसऱ्या पेपरला १०० प्रश्न आणि २०० गुण असतात, उणे गुण नाहीत, त्यामुळे शेवटचे २०० बहुपर्यायी प्रश्न उपयोगी आहेत. मात्र उत्तरतालिकेत ४२ आणि ४३ ची उत्तरं एकमेकांच्या जागी गेली आहेत. तिथून पुढे एकेक उत्तर पडताळा.

वापरायचा क्रम असा ठेवावा. आधी ७८ ते ८१, शब्द दुरुस्त करून. मग २६ ते ४१, पण डाळमिलचा हिशेब स्वतः कागदावर मांडून, आकडे बदलून तीनदा : एकदा पाळी दहा तासांची करून, एकदा मजुरी वाढवून, एकदा नवं यंत्र आणून मजूर निम्मे करून. तिसऱ्या वेळी उत्पादन तेवढंच ठेवलं तर स्थिर भांडवलाचा वाटा कसा चढतो आणि कामावरून सुटलेले सहा जण कुठे जातात हे विचारा. ऊसतोडीत हार्वेस्टर आल्यावर हाच प्रश्न फडात उभा आहे, आणि बेकारांच्या राखीव फौजेवरचं पान ४६ तेव्हाच उघडावं. पान १२ वरची व्याख्या खोडून टाका. वेबर आणि आंबेडकर या संचातून वाचू नका, मूळ लिखाणाची मराठी भाषांतरं ग्रंथालयात मिळतात.

दुकानात पैसे देण्याआधी पान ३१ उघडा. ग्रंथाचं नाव ‘भांडवल’ असेल तर ती नंतरची, दुरुस्त केलेली छपाई आहे. तीच मागा, किंमत तेवढीच आहे. ‘राजधानी’ असेल तर ९७ ते १०४ ही पानं आहेत का तेही मोजून घ्या. जुन्या गठ्ठ्यातल्या बऱ्याच प्रतींत ती बायंडिंगमध्येच राहून गेली आहेत.